बिग टेन आणि बिग ट्वेल्व्ह: २०२६ च्या हंगामाचे अंदाज वाचण्यापूर्वी

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचा, म्हणजे हेल्मेट घालून अंडाकृती चेंडूने खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलचा, हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि त्याआधी काही आठवडे प्रत्येक कॉन्फरन्सविषयीचे, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाविषयीचे, अंदाज छापून येऊ लागतात. ज्यांची मुले शिकायला पर्ड्यूला किंवा अॅरिझोना स्टेटला गेली आहेत, अशा मराठी घरांतही ते वाचनात येतात आणि पहिली गल्लत नावांपाशीच होते. पर्ड्यू बिग टेनमध्ये आहे आणि अॅरिझोना स्टेट बिग ट्वेल्व्हमध्ये. पण बिग टेनमध्ये दहा नव्हे तर अठरा विद्यापीठे आहेत आणि बिग ट्वेल्व्हमध्ये सोळा. इतकेच नव्हे, २०११ ते २०१३ या तीन हंगामांत बिग टेनमध्ये बारा संघ होते आणि बिग ट्वेल्व्हमध्ये दहा!

या नावांमागे इतिहास आहे. बिग टेनची मुळे १८९६ पर्यंत मागे जातात. इलिनॉय, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, पर्ड्यू अशी मध्य-पश्चिमेतील विद्यापीठे तिच्या पायाशी आहेत. पुढे पेन स्टेट अकरावे सदस्य झाले, तेव्हा नाव बदलण्याऐवजी बोधचिन्हच बदलले गेले. ‘टेन’मधील इंग्रजी ‘टी’ या अक्षराच्या दोन बाजूंच्या मोकळ्या जागेकडे नीट पाहिले, की तिथे ११ हा आकडा दिसत असे. २०२४ मध्ये ऑरेगन, वॉशिंग्टन, यूसीएलए आणि यूएससी आल्यापासून ही कॉन्फरन्स एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पसरली आहे.

बिग ट्वेल्व्ह त्या मानाने तरुण आहे. जुन्या बिग एटमधील आठ आणि टेक्सासमधील चार विद्यापीठे एकत्र येऊन १९९६ पासून ती खेळू लागली. तिच्या वाट्याला गळती फार आली. नेब्रास्का बिग टेनमध्ये गेले, आणि २०२४ मध्ये टेक्सास व ओक्लाहोमा ही दोन सर्वांत मोठी नावेही एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेली. आज तिथे बीवाययू, युटा, टेक्सास टेक, कॅन्सस स्टेट, वेस्ट व्हर्जिनिया असे दूरदूरचे संघ एकत्र नांदतात. टीव्ही कंपन्यांबरोबरच्या करारांतील अंतरही मोठे आहे. बिग टेनचा करार सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा, तर बिग ट्वेल्व्हचा सहा वर्षांसाठी सुमारे २.३ अब्ज डॉलरचा असल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते.

अंदाज वाचताना मात्र सर्वांत महत्त्वाचा ठरतो तो पराभवाच्या किमतीतला फरक, आणि नेमका तोच बहुतेक लेखांत निसटतो. दोन्हीकडे प्रत्येक संघ कॉन्फरन्समधील नऊ सामने खेळतो. पण २०२४ मध्ये राष्ट्रीय विजेता ठरवणारा बारा संघांचा प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, सुरू झाला, तेव्हा बिग टेनचे चार संघ त्यात गेले आणि २०२५ मध्ये तीन. बिग ट्वेल्व्हचा दोन्ही वर्षी एकच. २०२४ मध्ये ओहायो स्टेट बिग टेनमधले दोन सामने हरले, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंतही पोहोचले नाही, आणि तरीही शेवटी राष्ट्रीय विजेते झाले. याउलट २०२५ मध्ये बीवाययू फक्त एकाच संघाकडून, टेक्सास टेककडून, हरले. एकदा नियमित हंगामात आणि दुसऱ्यांदा कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात. त्यांना प्लेऑफचे दार बंद झाले. टेक्सास टेक पुढे ऑरेगनकडून २३-० असे हरले, त्यामुळे बिग ट्वेल्व्हला अधिक जागा द्याव्यात असे म्हणणाऱ्यांची बाजू लंगडी पडली, हे खरेच. तरीही बीवाययूवर अन्याय झाला असे मला आजही वाटते.

म्हणून बिग टेनविषयीच्या लेखाला ‘किती संघ प्लेऑफमध्ये जातील’ हे विचारावे आणि बिग ट्वेल्व्हविषयीच्या लेखाला ‘कोण जिंकेल’ हे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जास्त अवघड आहे. २०२४ च्या हंगामपूर्व मतदानात पत्रकारांनी अॅरिझोना स्टेटला सोळापैकी सोळाव्या क्रमांकावर ठेवले होते आणि विजेतेपद त्यांनीच मिळवले. अनपेक्षित गोष्टी बिग टेनमध्येही घडतात. २०२३ मध्ये बारापैकी तीनच सामने जिंकणारे इंडियाना, कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक म्हणून आल्यावर, २०२५ मध्ये सोळाच्या सोळा सामने जिंकून राष्ट्रीय विजेते झाले. तरी वरच्या फळीत ओहायो स्टेट आणि ऑरेगन असणार, हे तिथे आधीपासून सांगता येते. यंदा तर ऑरेगनचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, डांटे मूर एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये न जाता परतला आहे.

यंदा दोन्ही कॉन्फरन्सचे अंदाज शेजारी ठेवून वाचण्याचे आणखी एक कारण आहे. युटात एकवीस हंगाम मुख्य प्रशिक्षक राहिलेले काइल व्हिटिंगहॅम आता मिशिगनमध्ये आहेत, आयोवा स्टेटला दहा हंगाम घडवणारे मॅट कॅम्पबेल पेन स्टेटमध्ये, आणि टीसीयूचा क्वार्टरबॅक जॉश हूव्हर इंडियानात. तिघेही बिग ट्वेल्व्हमधून बिग टेनमध्ये आले आहेत. त्यामुळे बिग टेनच्या अंदाजात या तिघांची ताकद धरली असेल, तर बिग ट्वेल्व्हच्या अंदाजातून ती वजा केली आहे का, हे तपासून पाहावे.

शेवटची गल्लत आयोवाची. आयोवा बिग टेनमध्ये आणि आयोवा स्टेट बिग ट्वेल्व्हमध्ये आहे. दोघे सप्टेंबरमध्ये एकमेकांशी भिडतात, पण तो निकाल दोन्ही कॉन्फरन्सच्या तक्त्यांत धरला जात नाही. यंदाचा सामना आयोवा सिटीतील किनिक स्टेडियमवर आहे. तिथे पहिला क्वार्टर, म्हणजे सामन्याचा पहिला चतुर्थांश, संपला की दोन्ही बाजूंचे प्रेक्षक मैदानाकडे पाठ फिरवतात आणि शेजारच्या बालरुग्णालयाच्या वरच्या मजल्यावरील खिडक्यांत उभ्या असलेल्या मुलांना हात हलवून दाखवतात.