शिक्षक मतदारसंघात नाव नोंदवताना अर्ज कुठे अडतो

सर्वात आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघाची यादी दर निवडणुकीआधी कोरी करून नव्याने बनवतात. मागच्या वेळी तुम्ही मतदान केलं असेल, जुन्या यादीत नाव असेल, विधानसभेचं मतदार ओळखपत्र खिशात असेल, तरी इथे नाव आपोआप येत नाही. दर वेळी नमुना १९ भरावाच लागतो. निवडणूक सहा वर्षांनी येते, तोवर हे विसरायला होतं, आणि मतदानाच्या दिवशी वीस-वीस वर्षं शिकवलेली माणसं केंद्रावरून परत फिरतात. फार वाईट वाटतं ते पाहून.

महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत. त्यांतल्या ७ शिक्षकांनी निवडून द्यायच्या: मुंबई, कोकण, नाशिक, पुणे, औरंगाबाद, अमरावती आणि नागपूर. उमेदवार स्वतः शिक्षक असलाच पाहिजे अशी अट कायद्यात नाही, मतदार मात्र शिक्षकच हवा. म्हणून या जागेवर शिक्षकांचा हक्क राहतो तो फक्त यादीतल्या नावामुळे.

पात्रता अशी: मतदारसंघात सर्वसाधारण रहिवास, आणि अर्हता दिनांकाच्या, म्हणजे १ नोव्हेंबरच्या, लगतच्या आधीच्या सहा वर्षांत एकूण किमान तीन वर्षं राज्यातल्या माध्यमिक किंवा त्यावरच्या दर्जाच्या संस्थेत अध्यापन. प्राथमिक शिक्षकांना हा मतदारसंघ नाही. त्यांनाही फॉर्म वाटून आशेला लावणाऱ्यांनी ते थांबवावं.

यातला ‘एकूण’ हा शब्द नीट वाचा. सेवा सलग असण्याची गरज नाही. मध्ये खंड पडला, शाळा बदलली, तरी बेरीज तीन वर्षं भरली की पुरे. निवृत्त झालेल्यांनाही हेच लागू. समजा अर्हता दिनांक १ नोव्हेंबर २०२८ आहे, तर मोजायची सहा वर्षं नोव्हेंबर २०२२ पासूनची. मे २०२६ मध्ये निवृत्त झालेल्या बाईंची त्यात साडेतीन वर्षं बसतात, त्या पात्र. मे २०२५ ला निवृत्त झालेले सर मात्र अडीच वर्षांच्या पुढे जरासेच जातात, त्यांचं नाव येणार नाही. ‘निवृत्तांना मत नसतं’ असं खिडकीवर कुणी सांगितलं तर तारखा मांडून दाखवा.

अर्ज राहता त्या मतदारसंघात करायचा, शिकवता तिथे नाही. नोकरी नागपूर विभागात आणि घर अमरावती विभागात असेल तर नोंदणी अमरावतीत. पत्त्याचा पुरावाही तिथलाच हवा.

आता खरी अडचण: संस्थाप्रमुखाचा सेवेचा दाखला. फोटो, पत्त्याचा पुरावा, अर्जावरची सही हे एका संध्याकाळी जमतं. दाखला मात्र मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडून राहतो. आणि हातात येतो तेव्हा त्यावर लिहिलेलं असतं, ‘सदर शिक्षक आमच्या विद्यालयात अनेक वर्षांपासून कार्यरत आहेत’. याचा काडीचा उपयोग नाही. दाखला विहित नमुन्यातच हवा आणि त्यात कधीपासून कधीपर्यंत शिकवलं त्या तारखा हव्यात. पहिली ते दहावी एकत्र शाळा असेल तर माध्यमिक विभागात शिकवता हे स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर शंका निघणारच. दोन संस्थांत मिळून तीन वर्षं होत असतील तर दोन्हींकडचे दाखले लागतात. जुन्या शाळेकडे हेलपाटे घालावे लागणार हे गृहीत धरून सप्टेंबरातच विनंती अर्ज द्या, त्याची पोच घ्या. मुख्याध्यापकांनाही कळकळीने सांगणं आहे, हा दाखला म्हणजे उपकार नव्हे. सहकाऱ्याचं मत तुमच्या सहीवाचून अडतं.

लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांनी सेवापुस्तकातलं नाव आणि पत्त्याच्या पुराव्यावरचं नाव ताडून पाहावं. फरक असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडलेली बरी.

तारखांचा घोळ दर वेळी होतो. १ नोव्हेंबर ही सेवा मोजण्याची तारीख आहे, अर्जाची शेवटची नाही. सर्वसाधारणपणे १ ऑक्टोबरच्या सुमारास जाहीर सूचना निघते आणि अर्ज ६ नोव्हेंबरपर्यंत घेतात. त्या वर्षीची नेमकी तारीख सूचनेतच पाहा. दिवाळी बहुतेकदा याच काळात येते, शाळा बंद, मुख्याध्यापक गावी, शिक्का कपाटात. सुट्टी लागण्याआधी कागद पूर्ण करा.

गठ्ठ्याने दिलेले अर्ज स्वीकारत नाहीत. उमेदवाराचे कार्यकर्ते ‘आम्ही भरतो, तुम्ही सही करा’ म्हणाले तरी त्यांच्या हाती कागद देऊ नका. संस्थाप्रमुख मात्र आपल्या पात्र कर्मचाऱ्यांचे अर्ज एकत्र पाठवू शकतात, घरातली व्यक्तीही घरच्यांचे देऊ शकते. अर्ज तहसील कार्यालयात किंवा नेमलेल्या पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे द्या आणि पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पदवीधर मतदारसंघाची नोंदणी वेगळी, नमुना १८ वर. पदवीधर शिक्षक पात्र असतील तर दोन्हीकडे नाव घालू शकतात, पण एक अर्ज दुसऱ्याचं काम करत नाही.

नोव्हेंबरअखेरीस प्रारूप यादी लागते. ती स्वतः उघडून नाव, पत्ता, केंद्र तपासा. नाव नसेल तर दावे-हरकतींच्या मुदतीत पुन्हा नमुना १९ भरून द्या आणि सोबत पहिल्या अर्जाच्या पोचपावतीची प्रत लावा.