चार आण्याची बॉडी, बारा आण्याची भिंगं

लेन्सवरचा ठिपका कॅमेऱ्याच्या बॉडीवरच्या ठिपक्याशी जुळवायचा आणि लेन्स फिरवायची. 'खट्'. कॅमेरा कंपन्यांच्या कमाईची गोम या आवाजात आहे.

कॅननचा ईओएस ३००डी हा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा, २००३ साली हजार डॉलरच्या आत मिळू लागला आणि गाजला. २००५ मध्ये ३५०डी आला, २००६ मध्ये ४००डी. म्हणजे प्रोसेसर आणि सॉफ्टवेअरवर ओतलेला पैसा दीड-दोन वर्षांत वसूल करायचा. पुढे माल शिळा. त्यात सेन्सरचं, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचं, दुखणं वेगळंच. तो सिलिकॉनच्या चकतीतून कापतात आणि तुकडा जितका मोठा, तितकी त्यात खोट निघण्याची भीती जास्त. ३६ बाय २४ मिलिमीटरचा फुल-फ्रेम सेन्सर महाग पडतो तो यामुळेच.

आता त्याच कंपनीची ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स बघा. सहा भिंगं, प्लॅस्टिकचं माउंट (लेन्स बॉडीला जिथे जोडते तो भाग), वजन १३० ग्रॅम. १९९० मध्ये आलेली ही दुसरी आवृत्ती २०१५ पर्यंत विकली गेली. आराखड्याचा खर्च केव्हाच फिटलेला! माझ्याकडची फोकस करताना घर्रघर्र करते, पण तिच्यामागे मी तीन बॉड्या बदलल्या.

म्हणून 'बॉडी स्वस्तात द्या, लेन्सवर कमवा' असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. २०१७ पर्यंत कॅननने फिल्मवाल्या धरून ९ कोटी ईओएस बॉड्या बनवल्या आणि त्यांच्यासाठीच्या ईएफ लेन्स १३ कोटी. किट लेन्स, म्हणजे बॉडीसोबत खोक्यात येणारी लेन्स, धरूनही बॉडीमागे दीड लेन्स होत नाही! म्हणजे पुष्कळांचा कॅमेरा किट लेन्सवरच म्हातारा होतो. खरं गिऱ्हाईक म्हणजे पाच-सहा लेन्स बाळगणारे हौशी आणि पोटासाठी फोटो काढणारे. पक्ष्यांमागे हिंडणाऱ्यांच्या महागड्या टेलिफोटोंपैकी (लांबचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सपैकी) काहींत फ्लोराइटचं भिंग असतं. त्याचा स्फटिक भट्टीत सावकाश वाढवावा लागतो, तिथे घाई चालत नाही.

अशा गिऱ्हाइकाला बांधून ठेवतं ते माउंट. कपाटात चार लेन्स असल्या की दुसऱ्या कंपनीची बॉडी कितीही आवडो, पाय निघत नाही. १९८७ मध्ये कॅननने जुनं एफडी माउंट सोडून ईएफ आणलं, तेव्हा जुने ग्राहक भडकले होते. निकॉनने मात्र १९५९ चं एफ माउंट पुढे डीएसएलआरवरही चालवलं.

२०१८ मध्ये दोघांनीही मिररलेससाठी, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी, नवी माउंट काढली, पण जुन्या लेन्ससाठी अडॅप्टरही दिले. निकॉनच्या त्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये फोकसची मोटर नाही. बॉडीतल्या मोटरवर चालणारी जुनी लेन्स त्यावर खट्कन बसते, फोकसची रिंग मात्र हाताने फिरवावी लागते.