उगारलेला सुरा आणि सरावलेला हात

1921 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासमधल्या एका खटल्याचा निकाल दिला. पोस्टाच्या इमारतीसाठी चाललेल्या खोदकामावर देखरेख करणाऱ्या ब्राऊन या माणसावर, त्याच्या म्हणण्यानुसार, जुना वैरी सुरा घेऊन चालून आला. धमक्या आधीच कानावर असल्यामुळे ब्राऊनने पिस्तूल आणले होते, पण ते काढून ठेवलेल्या कोटात होते. वीस-पंचवीस फूट मागे हटून त्याने कोट गाठला आणि चार गोळ्या झाडल्या. शेवटची गोळी सुटली तेव्हा समोरचा माणूस खाली पडलेला होता का, यावर सगळा वाद होता. खुनाबद्दलची शिक्षा रद्द करताना न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी लिहिले की, उगारलेल्या सुऱ्यापुढे उभ्या असलेल्या माणसाकडून अलिप्त विचाराची मागणी करता येत नाही. आपल्याकडे 1860 च्या दंड संहितेनेही खासगी बचावाचा हक्क वाजवी भीतीवर आधारला होता, मात्र बचावापुरतीच इजा करण्याची मर्यादा त्याच प्रकरणात घालून दिली होती.

विचाराला सवड नसेल तर हात कोणाच्या सांगण्याने हलतो, हा प्रश्न कायद्याने प्रशिक्षकांवर सोडला. शांघाय म्युनिसिपल पोलिसांतल्या विल्यम फेअरबेर्न आणि एरिक साइक्स यांनी 1942 च्या आपल्या पुस्तकात दिलेले उत्तर सरळ होते: जवळच्या अंतरावर नेम धरत बसू नये, बोट दाखवावे तसे पिस्तूल रोखावे. हालचाल इतकी घोटायची की भीतीने हात थरथरला तरी ती बिघडू नये.

पण घोटले जाते ते सगळेच उपयोगाचे नसते. एप्रिल 1970 मध्ये कॅलिफोर्नियातील न्यूहॉल येथे महामार्ग पोलिसांचे चार अधिकारी एका चकमकीत मारले गेले. चांदमारीच्या मैदानावर कचरा नको म्हणून रिव्हॉल्व्हरमधल्या रिकाम्या पुंगळ्या खिशात टाकण्याची तेव्हा रीत होती, आणि त्यांतला एक अधिकारी गोळीबार सुरू असतानाही तेच करत राहिला, अशी गोष्ट पसरली. पुढे बारकाईने तपासल्यावर ती टिकली नाही. तरीही प्रशिक्षक ती सांगत राहिले, कारण तिच्यातली भीती त्यांच्या ओळखीची होती.

सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांच्या प्रयोगाचे नशीब याहून विचित्र म्हणावे लागेल. सुरा घेतलेला माणूस 21 फूट अंतर सुमारे दीड सेकंदात पार करतो, आणि पिस्तूल बाहेर काढून गोळी झाडायला साधारण तेवढाच वेळ लागतो, हे त्यांनी 1983 मध्ये मांडले. धोका किती लांबून सुरू होतो हे ओळखून वेळीच मागे सरावे, आडोसा घ्यावा, असा त्यामागचा हेतू होता. म्हणजे मोजमाप होते ते विवेकाच्या मदतीसाठी. लोकांच्या तोंडी मात्र त्याचा ‘21 फुटांचा नियम’ झाला, आणि त्या रेषेच्या आत आला की गोळी, असा अर्थ त्यातून काढला जाऊ लागला. एफबीआयने 1987 मध्ये क्वांटिको येथे सरावासाठी अख्खे खोटे गाव उभारले. नुसत्या नेमबाजीच्या मैदानावर गोळी कधी झाडू नये हे शिकवता येत नाही, हे तोवर उमगले होते.

तरीही 11 एप्रिल 2021 रोजी मिनियापोलिसजवळच्या ब्रुकलिन सेंटरमध्ये 26 वर्षे सेवा झालेल्या एका महिला अधिकाऱ्याने ‘टेझर’ (विजेचा झटका देऊन माणसाला रोखणारे हत्यार) असे तीनदा ओरडून पिस्तुलाचा चाप ओढला आणि डॉन्टे राइट हा वीस वर्षांचा तरुण ठार झाला. तिचे टेझर डाव्या बाजूला होते, पिस्तूल उजव्या. ताणाखाली जुनी, पक्की सवय नव्या कृतीची जागा घेते, असे बचाव पक्षाच्या मानसशास्त्रज्ञाने साक्षीत सांगितले; सरकारी पक्षाने तिच्या प्रशिक्षणाची वर्षेच तिच्याविरुद्ध मांडली. विचारविनिमय चालू असताना ज्यूरीने न्यायाधीशांना विनंती केली की, पुराव्याच्या खोक्यात पिस्तूल बांधून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढाव्यात, म्हणजे ते हातात घेऊन पाहता येईल. न्यायाधीशांनी परवानगी दिली. चौथ्या दिवशी ज्यूरीने तिला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले.