मिठी हा नाला नव्हे

दर पावसाळ्यात कुर्ल्यात पाणी भरलं की तेच वाक्य ऐकू येतं: "मिठी? अहो, ती कसली नदी, गटारच ते! प्लास्टिक काढा, सगळं ठीक होईल."

मिठी नदीच आहे. जुलै-ऑगस्टात कधीतरी बातमी येते, "पवई तलाव भरून वाहू लागला." ते वाहून गेलेलं पाणी जातं कुठे, हे कुणी विचारत नाही. ते मिठीत जातं. विहारचंही तिथेच, आणि तुळशी भरला की त्याचं पाणी विहारमध्ये. तिथून सुमारे १८ किलोमीटर वाहत ती माहीमच्या खाडीला मिळते. उन्हाळ्यात तिच्यात बहुतेक सांडपाणीच दिसतं, म्हणून हा गैरसमज टिकला.

प्लास्टिकचा दोष आहेच, पण तो अर्धाच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा शहरातली जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेली होती, तीही ओहोटी धरून. त्या दिवशी भरती होती. मुळात नदीला पसरायला जागाच उरली नव्हती. विमानतळापाशी तिला काटकोनात वळवलंय, धावपट्टीखालून ती बोगद्यासारख्या मोऱ्यांतून जाते. वांद्रे-कुर्ला संकुल तर तिच्या मुखाजवळच्या पाणथळीवर भराव घालूनच उभं राहिलं. पूर्वी भरतीचं नि पुराचं पाणी जिथे निवांत थांबायचं, तिथे आता काचेच्या इमारती आहेत.

गाळ दरवर्षी काढतात, तो काढायलाच हवा. पण पाणथळ गाळात सापडत नाही.