सात घोडे, दोन बग्ग्या आणि छत्तिसावी फेरी

२० फेब्रुवारी १८०१ रोजी अमेरिकेचे मावळते अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी निवडणुकीत आपल्यावर मात करणाऱ्या थॉमस जेफरसन यांना एक छोटेसे पत्र लिहिले. तबेल्यात सात घोडे, दोन बग्ग्या आणि त्यांचा साज ठेवून जात आहे, ही सरकारची मालमत्ता आहे, तेव्हा नव्याने खरेदी करण्याचा खर्च आणि त्रास तुम्हाला पडणार नाही, असा त्यातला मजकूर. मनातला सल बोलून दाखवलेला नाही. घर सोडणाऱ्या भाडेकरूने नव्या माणसाच्या हाती सामानाची यादी द्यावी, तसे हे पत्र आहे. त्या सत्तांतराचा सगळ्यात बोलका कागद मला हाच वाटतो.

कारण त्याआधी तीन दिवसांपर्यंत नवा अध्यक्ष कोण, हेच ठरलेले नव्हते. नव्या अध्यक्षाने सूत्रे घ्यायच्या दिवशी, ४ मार्चला, अध्यक्षपद रिकामे राहील की काय, अशी धास्ती राजधानीत होती. पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियात मिलिशिया, म्हणजे राज्यांचे नागरी सैन्य, सज्ज करण्याची भाषा चालू होती. १८०१ चे सत्तांतर शांततेत झाले हे खरे, पण ते सहज झाले नाही.

पेचाचे मूळ घटनेतच होते. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात राज्यघटना लिहिणाऱ्यांनी राजकीय पक्ष गृहीतच धरले नव्हते. पक्ष म्हणजे देशाला लागणारी कीड, असे त्या पिढीचे मत. म्हणून अध्यक्ष निवडण्याची रीतही त्यांनी तशीच घातली. प्रत्येक इलेक्टरने, म्हणजे अध्यक्ष निवडण्यासाठी राज्याने नेमलेल्या माणसाने, दोन नावे लिहायची. त्यातले अध्यक्षपदासाठी कोणते आणि उपाध्यक्षपदासाठी कोणते, हे लिहायचे नाही. बहुमतासह पहिला येईल तो अध्यक्ष, त्याच्या खालचा उपाध्यक्ष. जॉर्ज वॉशिंग्टन उभे होते तोवर ही रीत चालून गेली. दोन्ही वेळा त्यांच्या नावावर एकमत झाले.

पण वॉशिंग्टन यांच्या मंत्रिमंडळातच दोन तट पडले होते. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांना बळकट केंद्र सरकार, राष्ट्रीय बँक आणि इंग्लंडशी व्यापार हवा होता. परराष्ट्रमंत्री जेफरसन यांचा ओढा शेतकरी, राज्यांचे हक्क आणि क्रांतीतून गेलेला फ्रान्स यांच्याकडे. यातूनच फेडरलिस्ट आणि रिपब्लिकन हे पक्ष आकाराला आले. (हे रिपब्लिकन म्हणजे आजचा रिपब्लिकन पक्ष नव्हे, तो १८५४ मध्ये स्थापन झाला.) १७९६ मध्ये निवृत्त होताना वॉशिंग्टन यांनी पक्षाभिनिवेशाविरुद्ध कळकळीने बजावले. त्याच वर्षी अ‍ॅडम्स यांना ७१ आणि जेफरसन यांना ६८ मते पडली. फेडरलिस्टांचा अध्यक्ष आणि विरोधी पक्षाचा उपाध्यक्ष, असा चार वर्षांचा संसार सुरू झाला.

ही चार वर्षे किती विखारी होती, ते मॅथ्यू लायन या एका माणसाच्या गोष्टीतून कळते. ते व्हरमाँटचे रिपब्लिकन प्रतिनिधी. १७९८ च्या जानेवारीत कनेक्टिकटचे फेडरलिस्ट रॉजर ग्रिसवोल्ड यांनी सभागृहात त्यांच्यावर भित्रेपणाचा आरोप केला, तेव्हा लायन त्यांच्या तोंडावर थुंकले. दोन आठवड्यांनी ग्रिसवोल्ड काठी घेऊन लायन यांच्यावर धावून गेले आणि लायन यांनी शेकोटीतला चिमटा उचलला. त्याच वर्षी फ्रान्सशी युद्धाचे ढग जमले असताना फेडरलिस्टांनी राजद्रोहाचा कायदा केला. सरकार, संसद आणि अध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटे, बदनामीकारक लिहिणाऱ्याला दंड आणि तुरुंग. या संरक्षणाच्या यादीत उपाध्यक्ष नव्हते, म्हणजे जेफरसन यांच्यावर कुणी काहीही लिहायला मोकळे. कायद्याची मुदत होती ३ मार्च १८०१, अ‍ॅडम्स यांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या दिवसापर्यंत. पुढचे सरकार विरोधकांचे आले तर हे हत्यार त्यांच्या हाती जाऊ नये, अशी ही व्यवस्था होती. लायन या कायद्याखाली चार महिने तुरुंगात गेले, हजार डॉलर दंड झाला आणि कोठडीत असतानाच ते पुन्हा निवडून आले. त्यांचे नाव लक्षात ठेवावे. शेवटच्या फेरीत ते पुन्हा येणार आहे.

अ‍ॅडम्स यांच्याबद्दल एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. युद्ध पेटवले असते तर कदाचित त्यांना पुन्हा सत्ता मिळाली असती. स्वपक्षाचा रोष पत्करून त्यांनी फ्रान्सशी बोलणी केली आणि ३० सप्टेंबर १८०० रोजी तह झाला. त्याची बातमी अमेरिकेत पोहोचेपर्यंत फार उशीर झाला होता. त्याआधीच न्यूयॉर्कमध्ये रिपब्लिकन नेते एरन बर यांनी वस्त्यावस्त्यांतून मतदार गोळा करून राज्याचे विधिमंडळ रिपब्लिकनांकडे वळवले होते, आणि तिथले इलेक्टर विधिमंडळच नेमत असे. ऑक्टोबरमध्ये खुद्द हॅमिल्टन यांनी स्वतःच्याच पक्षाच्या अ‍ॅडम्स यांच्यावर तुटून पडणारी पुस्तिका लिहिली.

हा कौल सगळ्या जनतेचा नव्हता, हेही इथेच सांगायला हवे. मताचा हक्क मुख्यतः मालमत्ता असलेल्या गोऱ्या पुरुषांपुरता होता. गुलामांना मत नव्हते, मात्र राज्याचे प्रतिनिधी किती हे ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे धरली जात आणि दक्षिणेला त्या हिशेबाने इलेक्टर जास्त मिळत. हा वाढावा वजा केला तर अ‍ॅडम्स जिंकले असते, असे अनेक इतिहासकार मांडतात. त्याच १८०० च्या उन्हाळ्यात रिचमंडजवळ गेब्रिएल नावाच्या गुलाम लोहाराने स्वातंत्र्यासाठी उठावाचा बेत केला होता. तो फुटला, आणि गेब्रिएलसह त्याचे अनेक साथीदार फासावर गेले.

मतमोजणीत जेफरसन ७३, अ‍ॅडम्स ६५. पण रिपब्लिकनांच्या प्रत्येक इलेक्टरने दुसरे मत बर यांना दिल्याने त्यांचीही मते ७३ झाली. फेडरलिस्टांनी एक मत जॉन जे यांच्याकडे वळवून आपल्या दोन उमेदवारांत फरक ठेवला होता. रिपब्लिकनांना हे जमले नाही. बर हे उपाध्यक्षपदाचे उमेदवार, हे सगळ्यांना ठाऊक होते, पण कागदावर दोघे बरोबरीत. घटनेनुसार निवाडा प्रतिनिधिगृहाकडे, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे गेला. तिथे प्रत्येक राज्याला एक मत. सोळा राज्ये, जिंकायला नऊ हवीत. आणि हे गृह जुनेच, म्हणजे फेडरलिस्ट बहुमताचे. हरलेल्या पक्षाने जिंकलेल्या पक्षाच्या दोघांपैकी एक निवडायचा होता.

११ फेब्रुवारीला बर्फ पडत होते. कॅपिटॉलची, म्हणजे संसद भवनाची, तेव्हा एकच बाजू बांधून झाली होती. पहिल्या फेरीत जेफरसन यांना आठ राज्ये, बर यांना सहा, तर व्हरमाँट आणि मेरीलँड आतल्या आत दुभंगलेली. दुसरी फेरी तीच, तिसरी तीच. मेरीलँडचे जोसेफ निकल्सन तापाने फणफणले होते. त्यांना खाटेवर घालून बर्फातून आणले. शेजारच्या खोलीत ते पडून राहत, पत्नी जवळ बसलेली, आणि दर फेरीला मतपेटी त्यांच्यापाशी नेली जाई. ते आले नसते तर मेरीलँड बर यांच्याकडे गेले असते. रात्र उलटली, दिवस उलटले, पस्तीस फेऱ्या झाल्या आणि आकडा जागचा हलला नाही.

बर यांनी आपण अध्यक्षपद घेणार नाही, असे ठामपणे कधीच सांगितले नाही. हॅमिल्टन मात्र न्यूयॉर्कहून पत्रांवर पत्रे धाडत होते. जेफरसन यांच्याशी त्यांचे दहा वर्षांचे वैर, पण बर यांना कसलेच तत्त्व नाही आणि सत्तेची हाव आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दगडापेक्षा वीट मऊ, या न्यायाने त्यांनी आपल्या लोकांना जेफरसन यांच्याकडे वळवायचा प्रयत्न केला. त्यांचे किती लोकांनी ऐकले, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.

कोंडी फुटली ती डेलावेअरच्या जेम्स बेयर्ड यांच्यामुळे. त्यांच्या राज्याचे ते एकटेच प्रतिनिधी, म्हणजे त्यांचे मत हेच राज्याचे मत. हट्ट असाच चालला तर अध्यक्षाविना ४ मार्च उजाडेल आणि संघराज्यच मोडेल, हे त्यांना दिसले. नौदल, सरकारी कर्ज आणि नोकरीतले अधिकारी यांबद्दल जेफरसन यांच्याकडून मध्यस्थामार्फत आश्वासन मिळाल्याचे बेयर्ड यांनी पुढे शपथेवर सांगितले. आपण कुणालाही शब्द दिला नव्हता, असे जेफरसन शेवटपर्यंत म्हणत राहिले. मला दोघेही आपापल्या समजुतीने खरे बोलत असावेत असे वाटते. मध्यस्थाने एक ऐकले आणि दुसरे पोचवले, हे राजकारणात नवे नाही.

१७ फेब्रुवारीला छत्तिसावी फेरी झाली. बेयर्ड यांनी कोरी चिठ्ठी टाकली. मेरीलँडच्या फेडरलिस्टांनी कोऱ्या चिठ्ठ्या टाकल्या. व्हरमाँटचे फेडरलिस्ट लुईस मॉरिस सभागृहात आलेच नाहीत, त्यामुळे राज्याचे मत उरलेल्या एकाच प्रतिनिधीच्या हाती राहिले: मॅथ्यू लायन. ज्यांनी त्यांना तुरुंगात घातले, त्यांच्याच पक्षाचा माणूस बाजूला झाला आणि लायन यांनी व्हरमाँट जेफरसन यांच्या पारड्यात टाकले. जेफरसन दहा, बर चार. बेयर्ड आणि मॉरिस यांच्यापैकी कुणीही जेफरसन यांना मत दिलेले नाही. विरोधकाला मत देणे त्यांच्याने झाले नसते. वाटेतून दूर होणे जमले, आणि तेवढे पुरे झाले.

४ मार्चच्या पहाटे चारच्या सुमारास अ‍ॅडम्स टपालगाडीने शहर सोडून गेले. शपथविधीला ते थांबले नाहीत. राग होता, की तशी प्रथाच नव्हती, की तीन महिन्यांपूर्वी वारलेल्या चार्ल्स या मुलाचे दुःख होते, यावर बरेच लिहिले गेले आहे. दुपारी जेफरसन आपल्या खाणावळीतून कॅपिटॉलपर्यंत चालत गेले. शपथ दिली सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी, जेफरसन यांचे दूरचे नातलग आणि पक्के राजकीय विरोधक. मार्शल त्या सकाळी एका फेडरलिस्ट मित्राला चिंतेने पत्र लिहीत होते. लेखणी खाली ठेवून ते शपथ द्यायला गेले आणि दुपारी चारला परत येऊन त्याच कागदावर त्यांनी लिहिले की भाषण एकंदरीत समंजस आणि सलोख्याचे होते. “आपण सारे रिपब्लिकन आहोत, आपण सारे फेडरलिस्ट आहोत,” हे त्यातले वाक्य. जेफरसन इतक्या हळू आवाजात बोलले की बहुतेकांना ते दुसऱ्याच्या तोंडून किंवा छापील पानावरच कळले.

भांडण संपले नव्हते. अ‍ॅडम्स यांनी शेवटच्या दिवसांत नेमलेल्या न्यायाधीशांवरून पुढे रण माजले आणि त्यातूनच १८०३ चा मारबरी विरुद्ध मॅडिसन हा खटला उभा राहिला. १८०४ मध्ये बाराव्या दुरुस्तीने अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांची मते वेगळी केली. त्याच वर्षी बर यांनी द्वंद्वात हॅमिल्टन यांना गोळी घातली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात अ‍ॅडम्स यांच्या नावाचे एक टपाल चुकून नव्या अध्यक्षांकडे आले. जेफरसन यांनी ते मॅसॅच्युसेट्सला पाठवून दिले. २४ मार्चला अ‍ॅडम्स यांनी उत्तर धाडले. तुम्ही ते कागद वाचले असतेत तर क्षणभर खिन्न झाला असतात, असे त्यांनी लिहिले. ते माझ्या मुलाच्या अंत्यसंस्काराविषयी होते. पुढे कळवले, की देशाचा हा भाग अगदी शांत आहे, आणि तुमचा कारभार निर्वेध आणि भरभराटीचा होवो, अशी मनापासून इच्छा आहे.