विमानतळावर साहेबांची बॅग कोण उघडणार?

११ नोव्हेंबर २०२४ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत उद्धव ठाकरे यांचं हेलिकॉप्टर उतरलं आणि निवडणूक पथकाने त्यांच्या बॅगा तपासायला घेतल्या. ठाकरे यांनी मोबाइलवर चित्रीकरण करत कर्मचाऱ्यांना विचारलं, आतापर्यंत आणखी कुणाच्या बॅगा तपासल्या, मोदी-शहांच्या तपासल्या का? चित्रफीत राज्यभर फिरली. पाठोपाठ धामणगाव रेल्वेला राहुल गांधी यांची बॅग तपासली गेली, आणि शिंदे, फडणवीस, गडकरी, अजित पवार, अमित शहा यांच्या तपासणीची दृश्यंही बाहेर आली. प्रचार संपला तसा हा वादही विरला. वणीत विचारलेला प्रश्न मात्र त्या निवडणुकीपुरता नव्हता. देशातल्या विमानतळ सुरक्षेचा पन्नास वर्षांचा इतिहास त्याच प्रश्नाभोवती फिरतो, आणि आता अमरावती-गोंदियासारख्या छोट्या विमानतळांमुळे तो आपल्या गावाशेजारी आला आहे.

आधी एक फरक लक्षात घेतला पाहिजे. हेलिपॅडवर बॅग उघडतात ती रोख रकमेसाठी, माणूस उतरल्यावर. विमानतळावर उघडतात ती शस्त्रासाठी, माणूस चढण्याआधी. आचारसंहितेच्या काळात ५० हजार रुपयांपेक्षा जास्त रोकड कागदपत्रांशिवाय नेता येत नाही. स्टार प्रचारकाला स्वतःच्या खर्चासाठी १ लाखापर्यंत मुभा असते. तालुक्याच्या मैदानावर चुन्याने ‘एच’ आखून, धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारून तयार केलेल्या हेलिपॅडवर क्ष-किरण यंत्र नसतं. तिथे असतं भरारी पथक: दंडाधिकाऱ्याचे अधिकार दिलेला एक अधिकारी, पोलीस आणि चित्रीकरण करणारा. पथकातली बहुतेक माणसं महसूल, जिल्हा परिषद, कृषी अशा खात्यांतून उसनी घेतलेली. मतदान झालं की ती आपापल्या टेबलावर परत जातात, आणि ज्याची बॅग उघडली तो कदाचित पालकमंत्री होऊन त्याच जिल्ह्यात येतो.

बॅग उघडणाऱ्याला काय भोगावं लागतं, याचं उदाहरण लांबचं नाही. १६ एप्रिल २०१९ ला ओडिशातल्या संबलपूरला पंतप्रधानांच्या हेलिकॉप्टरची तपासणी केली म्हणून निवडणूक निरीक्षक असलेल्या एका आयएएस अधिकाऱ्याला आयोगाने निलंबित केलं. एसपीजी, म्हणजे पंतप्रधानांच्या सुरक्षेसाठीच्या विशेष दलाचं संरक्षण असलेल्या व्यक्तींना तपासणीतून सूट आहे, असं कारण देण्यात आलं. २५ एप्रिलला केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या बंगळूरु खंडपीठाने निलंबनाला स्थगिती दिली. आयएएस अधिकाऱ्याला न्यायाधिकरणात जाता आलं. उसन्या घेतलेल्या कृषी सहायकाला तेवढा वेळ आणि वकील कुठून मिळणार?

आता विमानतळांकडे. ३० जानेवारी १९७१ ला श्रीनगरहून जम्मूला निघालेलं ‘गंगा’ नावाचं विमान पळवून लाहोरला नेलं गेलं, तेव्हा अपहरणकर्त्यांच्या हातात खोटं पिस्तूल आणि लाकडी बॉम्ब होता. १० सप्टेंबर १९७६ ला इंडियन एअरलाइन्सचं आणखी एक विमान लाहोरला गेलं. त्यानंतर पांडे समिती बसली आणि तिच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक सुरक्षा विभाग, म्हणजे आजचा बीसीएएस, डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयातला एक कक्ष म्हणून सुरू झाला. त्याच वर्षी २० डिसेंबरला लखनौहून दिल्लीला निघालेलं विमान काँग्रेसच्या दोन युवक कार्यकर्त्यांनी इंदिरा गांधींच्या सुटकेसाठी वाराणसीला नेलं. हत्यार होतं खेळण्यातलं पिस्तूल आणि हातबॉम्ब म्हणून दाखवलेला क्रिकेटचा चेंडू. १९८० मध्ये दोघांनाही पक्षाची उमेदवारी मिळाली आणि दोघंही उत्तर प्रदेश विधानसभेत निवडून गेले. विमान पळवणारा माणूस आमदार होतो, हे ज्या देशाने पाहिलं, तिथल्या शिपायाने पुढे आमदाराला मेटल डिटेक्टरसमोर उभं राहायला सांगायचं आहे. ही परंपरा विसरून सुरक्षेची चर्चा करता येणार नाही.

नातवासाठी घेतलेली खेळण्यातली बंदूक हातातल्या बॅगेतून का काढून घेतात, असं बरेच जण चिडून विचारतात. त्याचं उत्तर या दोन घटनांत आहे. खेळणं आहे की खरं, हे हवेत कुणी तपासून पाहत नाही.

२३ जून १९८५ ला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ अटलांटिकवर स्फोटाने फुटलं, ३२९ माणसं गेली. बॉम्ब असलेली बॅग विमानात चढली होती, बॅगेचा मालक चढलाच नव्हता. १ एप्रिल १९८७ ला बीसीएएस डीजीसीएपासून वेगळा झाला. प्रवासी आला नाही तर त्याची बॅग उतरवायची, हा आग्रह जगभर पक्का झाला तो ‘कनिष्क’नंतर. उशिरा आलेल्या एका माणसासाठी विमान थांबवू नका म्हणतात ते केवळ वेळापत्रकासाठी नाही. त्याची बॅग आणि तो, दोन्ही एकत्र जमले पाहिजेत.

२४ डिसेंबर १९९९ ला पळवून कंदाहारला नेलेलं विमान सगळ्यांना आठवतं. त्यानंतर झालेला सर्वांत मोठा बदल कमी लोकांना ठाऊक आहे. तोवर विमानतळांवर राज्य पोलीस पहारा देत. ३ फेब्रुवारी २००० ला जयपूरपासून ही जबाबदारी सीआयएसएफ, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जायला सुरुवात झाली. नागपूरच्या विमानतळावर आज तेच जवान दिसतात. सीआयएसएफच्या जवानाची बदली केंद्रातून होते. समोर उभा असलेला आमदार किंवा जिल्हा पोलीस अधीक्षक त्याला गडचिरोलीच्या टोकाच्या ठाण्यात पाठवू शकत नाही. शिस्त आणि प्रशिक्षण यांच्याइतकंच हे महत्त्वाचं होतं.

छोट्या शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेने यातला काही भाग परत फिरवला. विमान स्वस्त ठेवायचं म्हणून या योजनेतल्या विमानतळांना पोलीस आणि अग्निशमन व्यवस्था राज्य सरकारने विनामूल्य पुरवावी, अशी रचना आहे. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली. धावपट्टी १,८५० मीटर, विमान एटीआर-७२, प्रवासी सत्तरच्या आसपास. एवढ्या गर्दीसाठी केंद्रीय दलाची तुकडी ठेवणं खर्चाला परवडत नाही, हे मान्य. पण त्यामुळे दारात उभा राहणारा माणूस पुन्हा जिल्हा पोलिसांचा झाला. त्याला बीसीएएसचं प्रशिक्षण मिळतं, परीक्षा द्यावी लागते, कामाचे नियम नागपूर-मुंबईसारखेच असतात. त्याचा गोपनीय अहवाल मात्र जिल्ह्यातच लिहिला जातो.

हा माणूस नेमकं काय करतो? दारावर तिकीट आणि ओळखपत्र जुळवतो, चेहरा ओळखपत्राशी ताडून पाहतो. मोठं सामान क्ष-किरण यंत्रातून जातं. मग प्रवासी मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून जातो, पाटावर उभा राहतो, हातातलं यंत्र खांद्यापासून घोट्यापर्यंत फिरतं. महिलांची तपासणी पडद्याआड महिला पोलीस करते. हातातली बॅग पट्ट्यावरून जाते. पडद्यासमोर बसणाऱ्याची नजर साधारण २० मिनिटांनी मंदावते, म्हणून त्या सुमारास माणूस बदलण्याचा जगभरचा प्रघात आहे. मोठ्या ठिकाणी यंत्र मधूनच खोट्या बंदुकीचं चित्र पडद्यावर टाकून त्याची परीक्षाही घेतं. शेवटी, गरज असेल तेव्हा, विमानाच्या शिडीपाशी विमान कंपनीचे कर्मचारी दुसरी तपासणी करतात.

आपल्याकडच्या प्रवाशांच्या बॅगेत सापडतं ते ठरलेलं: अडकित्ता, चाकू, काडेपेटी, लायटर, तिखटाची पुडी. यातलं काही हातातल्या बॅगेत चालत नाही, लायटर-काडेपेटी तर मोठ्या सामानातही नाही. सुकं खोबरं तेलामुळे पेट घेतं म्हणून त्यालाही बंदी आहे. पॉवर बँक उलटी, ती फक्त हातातल्या बॅगेत, १०० वॅट-तासांपर्यंत. बंदुकीचा परवाना असलेल्या पुढाऱ्यांच्या बॅगेत एखादं जिवंत काडतूस राहून जातं. ते मुद्दाम नसतं, पण काडतूस सापडलं की प्रकरण पोलिसांकडे जाऊ शकतं, परवाना दाखवला तरी. अंगरक्षकाचं पिस्तूलही केबिनमध्ये येत नाही. ते रिकामं करून, घोषणापत्र भरून, गोळ्या वेगळ्या ठेवून सामानाच्या कप्प्यात जातं.

यंत्र सहसा चुकत नाही. साखळी तुटते ती तीन जागी. पहिली जागा दार: ‘भाऊंना ओळखत नाही का?’ म्हणत कार्यकर्त्यांचा घोळका एका तिकिटावर आत शिरतो, हार-गुच्छ तपासणीविना पुढे जातात. दुसरी, विमानापर्यंत जाणारं फाटक. तिथे प्रत्येकाला बीसीएएसचा प्रवेश परवाना लागतो, गाडीला वेगळा. ‘साहेबांना फक्त शिडीपाशी सोडतो’ हे वाक्य तिथलं. तिसरी जागा सर्वांत घातक. तपासणी न झालेला एक माणूस तपासून झालेल्यांच्या दालनात मिसळला, की नियमाने सगळं दालन रिकामं करून सगळ्यांची तपासणी पहिल्यापासून करावी लागते. सत्तर माणसांना पुन्हा रांगेत उभं करण्यापेक्षा डोळेझाक सोपी वाटते. मग नोंदच होत नाही.

सूट कुणाला आहे, हे गुपित नाही. यादी विमानतळावर फलकावर असते. राष्ट्रपती, माजी राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री, केंद्रीय कॅबिनेट मंत्री, सरन्यायाधीश आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, उच्च न्यायालयांचे मुख्य न्यायमूर्ती, भारतरत्न अशी तिसेक पदं. अमरावतीपुरतं बोलायचं तर माजी राष्ट्रपती म्हणून प्रतिभाताई पाटील त्यात बसतात. खासदार, आमदार, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, जिल्हा परिषद अध्यक्ष त्यात नाहीत. खासदाराला राखीव कक्ष, चहा-पाणी, गाडीची जागा हे शिष्टाचार आहेत, पण तपासणी आहेच. शिवाय सूट पदावरच्या माणसाला आहे, त्याच्या स्वीय सहायकाला नाही. यादीत एकदा एक नाव पदाशिवाय, केवळ नात्याने होतं: सोनिया गांधींचे जावई रॉबर्ट वद्रा. २०१५ मध्ये ते काढलं गेलं. याच यादीतले डॉ. कलाम एप्रिल २००९ मध्ये दिल्लीला एका अमेरिकी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांसमोर तपासणीला उभे राहिले. कर्मचाऱ्यांनी नियम मोडला होता, तरी कलामांनी आवाज चढवला नाही. कंपनीने नंतर माफी मागितली.

त्याच्या उलट घटनांची रांग लांब आहे. जून २०१५ मध्ये लेहला केंद्रीय गृह राज्यमंत्र्यांसाठी तीन प्रवाशांना विमानातून उतरवलं गेलं. मंत्र्यांनी माफी मागितली. त्याच आठवड्यात मुंबईहून नेवार्कला जाणारं विमान तासभर रखडलं, कारण मुख्यमंत्र्यांच्या शिष्टमंडळातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे व्हिसा असलेला पासपोर्ट नव्हता. आपण विमान थांबवायला सांगितलं नाही, असं मुख्यमंत्री फडणवीस यांनी स्पष्ट केलं. २३ मार्च २०१७ ला उस्मानाबादचे तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड यांनी एअर इंडियाच्या अधिकाऱ्याला चपलेने मारलं आणि ते स्वतः कॅमेऱ्यासमोर सांगितलं. कंपन्यांनी घातलेली बंदी पंधरा दिवसांत उठली. पण त्यातूनच सप्टेंबर २०१७ मध्ये उड्डाणबंदीची नियमावली आली: शिवीगाळीला ३ महिन्यांपर्यंत, अंगावर हात टाकल्यास ६ महिन्यांपर्यंत, जिवाला धोका निर्माण केल्यास २ वर्षं किंवा जास्त. निर्णय निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या समितीने ३० दिवसांत द्यायचा. पदाला त्यात सूट नाही. २६ जुलै २०२५ ला श्रीनगरला एका वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्याने ७ किलोची मर्यादा असताना १६ किलोच्या बॅगा नेण्यावरून चार कर्मचाऱ्यांना मारहाण केली, तेव्हा हीच नियमावली कामी आली.

कायद्याची खरी अडचण मात्र देवघर प्रकरणात उघडी पडली. ३१ ऑगस्ट २०२२ ला झारखंडमधल्या या विमानतळावर रात्रीच्या उड्डाणाची सोय नव्हती. सूर्यास्तानंतर भाड्याच्या विमानाला परवानगी मिळावी म्हणून खासदार निशिकांत दुबे, मनोज तिवारी आणि इतर हवाई नियंत्रण कक्षात शिरले, असा गुन्हा स्थानिक पोलिसांनी नोंदवला. खासदारांनी आरोप फेटाळले. मार्च २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. विमान कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय घेतं ती त्या कायद्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीवरूनच. पोलिसांची फिर्याद पुरेशी नाही. तपासाचे कागद त्या अधिकाऱ्याकडे चार आठवड्यांत पाठवण्याची मुभा न्यायालयाने दिली.

बेलोऱ्यातल्या शिपायासाठी याचा अर्थ स्पष्ट आहे. कुणी ढकलाढकली केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली ठाण्यात फिर्याद होऊ शकते, कारण तो हल्ला लोकसेवकावर आहे. पण बेकायदा आत शिरणं, फाटक उघडायला लावणं, तपासणी टाळणं याचा अहवाल विमानतळ संचालकांमार्फत त्याच दिवशी बीसीएएसकडे गेला पाहिजे. त्यात वेळ मिनिटापर्यंत, दाराचा किंवा फाटकाचा क्रमांक, सोबतच्या माणसांची संख्या, गाडीचा नंबर, काय सांगितलं आणि समोरून काय उत्तर आलं ते शब्दशः, आणि कॅमेऱ्याचं चित्रण वेगळं जतन केल्याची नोंद हवी. चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून ती विनंती लेखी आणि लगेच करावी लागते.