इलेक्ट्रोस्पिनिंगने काढलेले सेमीकंडक्टर पॉलिमरचे धागे

ट्रान्झिस्टरला लागतो तसा गुण अंगात असलेलं प्लास्टिक, म्हणजे सेमीकंडक्टर पॉलिमर, सॉल्व्हंटमध्ये विरघळवायचं, सिरिंजमध्ये भरायचं आणि सुईला 10-20 हजार व्होल्ट देऊन त्याचा धागा ओढायचा, असा हा इलेक्ट्रोस्पिनिंगचा प्रकार. धाग्याची जाडी साधारण 100 नॅनोमीटर ते 1-2 मायक्रॉन, म्हणजे एकटा धागा डोळ्याला दिसतच नाही, समोर धातूच्या पत्र्यावर थर साचला की रंग तेवढा दिसतो.

सुईच्या टोकावरचा थेंब चार्ज झाला की ताणला जाऊन शंकूसारखा होतो. हा टेलर कोन, जेफ्री टेलर यांनी 1964 मध्ये याचं गणित मांडलं. शंकूच्या टोकातून बारीक धार सुटते, थोडं अंतर सरळ जाते आणि मग स्वतःच्याच चार्जमुळे गरागरा वळसे घ्यायला लागते, धार खरी बारीक होते ती इथे, आणि तोवर सॉल्व्हंट उडून जाऊन समोर 10-15 सेंटीमीटरवर अर्थिंग केलेल्या पत्र्यावर सुका धागा पडतो. पद्धत तशी जुनी, अँटोन फॉर्महाल्स यांचं पेटंट 1934 चं आहे. वीज नेणारी पॉलिमर मात्र 1977 नंतरची, त्या कामाला हीगर, मॅकडिआर्मिड आणि शिराकावा यांना 2000 सालचं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

आता खरी अडचण. धागा तुटू नये म्हणून पॉलिमरच्या साखळ्या लांब, लवचिक आणि एकमेकींत गुंतलेल्या लागतात. सेमीकंडक्टर पॉलिमरच्या साखळ्या नेमक्या उलट, ताठ आणि विरघळायला नाखूष, कारण ज्या रचनेमुळे त्यांच्यातून चार्ज धावतो तीच रचना त्यांना ताठ करते. यातलं सगळ्यात जास्त वापरलेलं पॉलिमर म्हणजे पी-थ्री-एचटी (पॉली-3-हेक्झिलथायोफीन), क्लोरोफॉर्म या सॉल्व्हंटमध्ये नारिंगी दिसतं आणि सुकलं की जांभळट. नुसतं कातायला गेलं तर बरेचदा धाग्याऐवजी मणी आणि थेंब पडतात. म्हणून त्यात पीईओसारखं (पॉलिइथिलीन ऑक्साइड) सहज कातलं जाणारं पॉलिमर मिसळतात, पण ते इन्सुलेटर, ते जितकं जास्त तितकी चार्जची वाट अडते. मग नंतर पाण्याने पीईओ धुऊन काढायचं, किंवा एकात एक बसवलेल्या दोन सुया घेऊन आत सेमीकंडक्टर आणि बाहेर मदतनीस पॉलिमर असा धागा काढायचा आणि वरचं साल मागाहून विरघळवायचं. माझ्या मते या विषयातली सगळी कारागिरी याच एका ठिकाणी आहे, मदत घ्यायची पण ती चार्जच्या वाटेत ठेवायची नाही.

बडोद्यात हे करायचं तर हवामानाशी गाठ आहे. क्लोरोफॉर्म 61 अंशांना उकळतं, त्यामुळे मे महिन्याच्या उन्हाळ्यात एसी नसेल तर सुईच्या तोंडाशीच पॉलिमर सुकून सुई चोक होते, आणि पावसाळ्यात सॉल्व्हंट उडताना गार झालेल्या धाग्यावर हवेतली वाफ धरते आणि धाग्याला छिद्रं पडतात. त्यामुळे बंद चेंबर आणि आर्द्रतेवर कंट्रोल हवाच, शिवाय क्लोरोफॉर्मची वाफ छातीत जाऊ नये म्हणून फ्यूम हूडही. कापड आणि केमिस्ट्री या दोन्ही गोष्टी मात्र या गावाला नवीन नाहीत, सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये काढलेल्या कलाभवनात विणकाम आणि रंगकाम शिकवलं जायचं, त्याचीच आज म. स. विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी झाली आहे आणि तिथे टेक्स्टाइलही आहे. दांडिया बाजारातल्या ज्या मुलांना सूत आणि सर्किट दोन्हीची आवड आहे त्यांनी हा विषय जरूर बघावा.

पत्र्यावर नुसतं गोळा केलं तर सुतरफेणीसारखा गुंता होतो. ट्रान्झिस्टरसाठी दोन पट्ट्यांमध्ये फट ठेवतात, धागे त्या फटीवरून आडवे, एका दिशेत बसतात, मग ते ऑक्साइड असलेल्या सिलिकॉनवर ठेवून सोन्याचे इलेक्ट्रोड जोडायचे. पी-थ्री-एचटीच्या एकट्या धाग्याची मोबिलिटी, म्हणजे त्यातून चार्ज किती चटकन सरकतो त्याचं माप, 2005 च्या सुमाराला 0.03 चौ. सेंमी प्रति व्होल्ट-सेकंदपर्यंत मोजली गेली, अमॉर्फस (स्फटिकासारखी शिस्त नसलेल्या) सिलिकॉनची याच एककात 0.5 ते 1 असते, म्हणजे वेगात हे मागेच आहेत. वर हवेतला ऑक्सिजन पॉलिमरला डोप करतो, म्हणजे त्यात जादा चार्ज आणतो, आणि बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही करंट गळतो.

पण जाळी ताणली तर धागे आधी सरळ होतात, लगेच तुटत नाहीत, सलग फिल्मला मात्र तडे जातात, म्हणून अंगावर लावायच्या सेन्सरसाठी हे धागे कामाचे. गॅस सेन्सरमध्ये तर वेगाची गरजच नाही, तिथे हवेला भिडणारा पृष्ठभाग मोठा लागतो, पॉलिअनिलीनच्या धाग्यांना अमोनिया लागला की रेझिस्टन्स लगेच वाढतो आणि गॅस कळतो.